वीस हजारात पणजी, दोघी मुली, आणि आईला काय सांगू

पत्र असं आहे:

"ताई, मी इचलकरंजीची, वय २४, नुकतीच नोकरीत जरा स्थिर झालेय. मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण दोघीच, घरच्यांशिवाय पहिल्यांदाच फिरायला निघणार आहोत. तीन रात्री, चार दिवस, गोवा. दोघींचे मिळून वीस हजार साठवलेत, त्याच्यावर खर्च करता येणार नाही. मैत्रीण म्हणते बागा बीचलाच राहू, मला पणजी बरी वाटते कारण छोटं का होईना पण शहर आहे. टॅक्सीवाले लुटतात, मुलींना त्रास होतो असं खूप वाचलं, त्यामुळे आता भीती वाटतेय. एवढ्या पैशात होईल का, आणि आम्ही सेफ राहू का? तारखा अजून ठरल्या नाहीत, कधी यावं तेही सांगा. अजून एक. घरी आईला ऑफिसचं ट्रेनिंग आहे असं सांगायचं ठरवलंय, खरं सांगितलं तर ती सोडणारच नाही. नाव छापू नका."

अगं, होईल. वीस हजारात दोघींचं नीट होईल, फक्त तारखा चुकवू नका आणि खोली विचार करून घ्या. आणि पणजीच धर, तुझं मन बरोबर सांगतंय.

मी पणजीत राहते, इथे येणारे लोक कुठे अडकतात ते रोज नजरेस पडतं, आणि मला तुला सगळ्यात आधी हेच सांगायचंय की तुझे दोन प्रश्न वेगळे नाहीत. पैसे कसे पुरतील आणि सेफ कशा राहू, हे दोन्ही एकाच ठिकाणी बिघडतं. रात्रीचे साडेदहा झालेत, शेवटची बस कधीच गेली, फोन दहा टक्क्यांवर, खोली बारा किलोमीटर लांब, आणि समोर एकच गाडी उभी. त्या वेळी तो जे भाडं सांगेल ते तुम्ही देणार आणि ज्या गाडीत बसवेल तिच्यात बसणार, दुसरा इलाजच नसतो. म्हणून खोली कुठे घ्यायची आणि रात्री खोलीवर परत कसं यायचं, या दोन बाबतीत काटकसर करू नका. बाकी सगळीकडे करा, गोव्यात ती करायला भरपूर वाव आहे.

आधी पैशाची वाटणी सांगते. हे माझे अंदाज आहेत, गर्दीचा सीझन सोडून धरलेले. दोघींच्या येण्याजाण्याला अडीच हजार. खोलीला तीन रात्रींचे साडेसहा हजार, टॅक्स धरून. जेवणखाणाला साडेचार हजार. दिवसा फिरायला, म्हणजे बस आणि एक दिवस स्कूटी, दीड हजार. रात्रीच्या परतीच्या टॅक्सीला दोन हजार, आणि हे दोन हजार दुसऱ्या कशालाच वापरायचे नाहीत असं दोघींनी आधीच ठरवा. तिकिटं, काजू, किरकोळ एक हजार. झाले अठरा. उरलेले दोन हजार तुझ्या खात्यात नुसते पडून राहू देत, आजारपण, बस चुकणं, अचानक खोली बदलावी लागणं यासाठी. खोली पटली नाही, मालक विचित्र वाटला, दाराची कडी नीट लागत नाही, तर "पैसे गेले ना आता" म्हणून तिथेच रात्र काढायची वेळ मुलींवर येऊ नये असं मला फार वाटतं, त्यासाठीच हे दोन हजार आहेत. परत घरी आले तर चांगलंच.

तारखा. २० डिसेंबर ते ५ जानेवारी अजिबात नको, त्या दिवसांत खोल्यांचे भाव कुठल्या कुठे जातात आणि तुमचं बजेट पहिल्याच रात्री संपेल. नोव्हेंबरच्या शेवटी पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, २००४ पासून तो गोव्यातच भरतो, साधारण २० नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा शहरातल्या खोल्या आधीच भरलेल्या असतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक उत्सव, ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त, मग डिसेंबरच्या मध्याला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल. ते बघायलाच यायचं असेल तर जरूर या, छान असतं, पण खोली दोन महिने आधी धरा. स्वस्त आणि शांत हवं असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा घ्या, हवाही सुंदर असते. शक्य असेल तर सोमवारी पोचा आणि गुरुवारी निघा, कारण शुक्रवार ते रविवार बेळगाव, पुणे, मुंबई, सगळीकडून गाड्या येतात आणि भाव वर जातात.

येताना एसटीने या. महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत बायकांना अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून, तेवढीच बचत. कोल्हापूर ते पणजी रस्ता सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, घाट धरून सहा-सात तास जातातच. आता यात एक गोष्ट बहुतेक जण उलटी करतात, रात्रीची बस घेतात म्हणजे एका रात्रीचं खोलीभाडं वाचतं, पण ती बस पहाटे तीन-चारला पणजीत सोडते आणि खोली मिळते दुपारी बाराला. पहाटे त्या स्टँडबाहेर सामान घेऊन दोघींनी आठ तास काय करायचं? मग कोणीतरी येतो, मॅडम रूम पाहिजे का, चला दाखवतो. हे नकोच. पहाटे पाच-सहाला कोल्हापूरहून निघा, दुपारी उजेडात पोचा, चालत खोलीवर जा.

चालत म्हणते ते खरंच. पणजीचा कदंब स्टँड, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा स्टँड, पाटोला आहे, तिथून खाडीवरचा छोटा पूल ओलांडला की मळा आणि फोंतेन्हासचा भाग, दहा-पंधरा मिनिटं. खोली या बाजूला किंवा १८ जून रस्ता, चर्च चौक, मार्केट या पट्ट्यात बघा. स्वस्त म्हणून पर्वरी, ताळगाव, बांबोळी असं काही घेऊ नका, दिवसाला पाचशे वाचतील आणि सातशे रिक्षा-टॅक्सीत जातील. मिरामारला सरकारी यूथ हॉस्टेल आहे, पर्यटन महामंडळाचीही रेसिडेन्सी नावाची हॉटेलं आहेत, पणजीत आणि मिरामारला, त्यांचे भाव त्यांच्या साइटवर दिसतात, आधी तिथे बघून मग बाकीचे अॅप उघडा म्हणजे भावाचा अंदाज येतो. खोली घेताना फोन करून विचार: टॅक्स धरून किती, रात्री रिसेप्शनला माणूस असतो का, गल्लीत दिवे आहेत का, दोन मुलींच्या आधारवर खोली देता ना, चेक-इन किती वाजता. फोनवरचा माणूस कसा बोलतो यावरूनही पुष्कळ कळतं. आणि रिव्ह्यू वाचताना मुलींनी लिहिलेले शोधून वाच, त्यांच्या लक्षात वेगळ्या गोष्टी राहतात.

आधार द्यायचा तर मास्क केलेल्या आधारची प्रिंट काढून आण, चार आकडेच दिसतात अशी. ओरिजिनल कार्ड कुणाच्याही हातात ठेवायचं नाही, हॉटेलला नाही आणि स्कूटीवाल्याला तर नाहीच.

बुकिंगच्या फसवणुकीबद्दल जरा जास्त बोलते कारण यात तुमचे सगळे पैसे एकदम जाऊ शकतात. गोव्यात व्हिला, होमस्टे यांच्या नावाने खोट्या साइट आणि खोटी इन्स्टा पेजं चालतात. फोटो दुसऱ्याच बंगल्याचे, भाव निम्मा, "मॅडम आजच अॅडव्हान्स टाका, उद्या रेट वाढणार". लोक पूर्ण पैसे टाकतात, इथे येतात, त्या पत्त्यावर एकतर रिकामा प्लॉट असतो नाहीतर ज्याच्या घराचे फोटो वापरले तो बिचारा मालक दार उघडतो आणि त्याला काहीच माहीत नसतं. म्हणून घाई लावणारा कुणी असला की तिथेच थांबा. व्हिडिओ कॉलवर खोली आणि बाहेरची गल्ली दाखवा म्हणायचं. पर्यटन खात्याचा रजिस्ट्रेशन नंबर विचारायचा, इथे हॉटेल, होमस्टेला तो घ्यावाच लागतो. पैसे कुठल्यातरी माणसाच्या पर्सनल नंबरवर मागत असेल तर नाही म्हणायचं. ओळखीच्या अॅपवरून "पे अॅट हॉटेल" किंवा फुकट कॅन्सल होणारं बुकिंग मिळतं, दहा टक्के महाग पडलं तरी तेच घे. आणि गेलेच पैसे कधी, तर रडत बसण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, पहिल्या तासाभरात केला तर पैसे अडवता यायची शक्यता जास्त असते.

आता मैत्रिणीची बागा. तिलाही तिच्या मनासारखं मिळायला हवं ना, ट्रिप दोघींची आहे. दिवसा कळंगुट-बागा करा, पणजीहून थेट बस मिळते, सकाळी लवकर गेलात तर बीच रिकामा, पाणी छान, अकरा-बाराला जेवून दुपारी उशिरा निघायचं आणि अंधार पडायच्या आत पणजीत. तिला तिथली रात्रच बघायची असेल तर मग एक रात्र खोलीच बागा-कळंगुटला घ्या, सामान घेऊन जा, दुसऱ्या दिवशी परत. रात्री बारा-एकला बागाहून पणजीला स्कूटीवर येणं हा पर्यायच मनातून काढून टाका. आणि तिथे रस्त्यावर क्लबचे दलाल उभे असतात, "लेडीज फ्री", "अनलिमिटेड" वगैरे, ते आत नेतात आणि बिलाच्या वेळी सूर बदलतो, पर्यटकांना दमदाटी करून पैसे काढल्याच्या तक्रारी पोलिसांत नेहमी होतात. जायचं तर नाव माहीत असलेल्या ठिकाणी जा, मेन्यूवरचे भाव बघून बसा, आपला ग्लास आपल्या नजरेसमोर, आणि दोघींपैकी एकीने तरी त्या रात्री प्यायचं नाही. बीचवर, रस्त्यावर बाटली उघडायची नाही, उघड्यावर पिणं गोव्यात गुन्हा आहे आणि दंड हजारांत आहे.

फिरायचं कसं. पणजी खरंच छोटी आहे, मधलं शहर चालत होतं. मडगाव, म्हापसा, वास्कोला कदंबची नॉन-स्टॉप शटल आहे, स्टँडवर खिडकीत तिकीट काढायचं आणि सीट मिळेल त्या बसमध्ये बसायचं, कुणाशी भाव करायचा नाही की वाद नाही, मला तर एकट्या मुलीसाठी गोव्यातलं सगळ्यात निर्धास्त वाहन हेच वाटतं. लहान खाजगी बसमध्ये गर्दी असते, कंडक्टर हाका मारत असतो, सुट्टे पैसे जवळ ठेव. रात्री आठनंतर बस विरळ होतात, रविवारी तर दिवसाही कमी. ओला-उबर इथे चालत नाही, टॅक्सीसाठी गोवा माइल्स अॅप आहे, ते घरून निघतानाच डाऊनलोड करून ठेव, इथे येऊन नेटवर्क शोधत बसू नकोस. अॅपवर गाडी लगेच मिळेलच असं नाही, म्हणून हॉटेलवाल्याकडून त्यांच्या ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेव आणि भाडं आधी विचार. टॅक्सीवाल्यांबद्दल एक सांगते, सगळे लुटारू नाहीत गं, इथली भाडी मुळात महाग आहेत, परतीचा रिकामा फेरा धरून सांगतात, त्यामुळे बाहेरच्यांना धक्का बसतो. भाडं आधी ठरलं असेल तर बहुतेक जण नीट नेऊन सोडतात.

मोटरसायकलवर मागे बसवून नेणारे पिवळ्या-काळ्या गाड्यांचे पायलट हा प्रकार तुला नवीन असेल, इथल्या बायका रोज त्यांनी ये-जा करतात, बाजार घेऊन, ऑफिसला. ते परवानाधारक असतात, ठरलेल्या स्टँडवर उभे असतात. दिवसा स्टँडवरचा पायलट घ्यायला काही हरकत नाही. साध्या गाडीवर कुणी "सोडतो" म्हणाला तर नको.

स्कूटी एक दिवस घ्या, तीही लायसन्स असेल आणि गावी रोज चालवत असशील तरच, शिकायची जागा ही नाही. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि त्यावर पिवळे आकडे असे असतात. पांढऱ्या प्लेटची गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर ती बेकायदा आहे, पोलिसांनी धरलं की त्रास तुम्हाला आणि अपघात झाला तर इन्शुरन्सचा घोळही तुम्हालाच. घेताना गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढ, ओरखडे, आरसे, पेट्रोलचा काटा, सगळं, मालकाच्या समोर. तिथेच व्हॉट्सअॅपवर त्याला पाठवून दे. हेल्मेट दोघींना. आणि हे नीट लक्षात ठेव, पणजीजवळ मांडवी नदीवर तीन पूल आहेत, त्यातला सगळ्यात उंच, २०१९ ला सुरू झालेला अटल सेतू दुचाकीला बंद आहे, आणि मॅपवर कारचा रस्ता लावलेला असेल तर तो खुशाल त्याच्यावर घालतो. मॅपमध्ये टू-व्हीलर निवड आणि खालच्या जुन्या पुलांनी जा. पणजीत वन-वे पण खूप आहेत. पोलिसांनी थांबवलं तर घाबरायचं कारण नाही, लायसन्स डिजीलॉकरमध्ये ठेव, दंड असेल तर ई-चलान आणि पावती मागायची, नम्रपणे पण मागायचीच.

खायचं बोलू, कारण इथे खरं पैसे वाचतात आणि तोंडालाही चांगलं लागतं. सकाळी हॉटेलच्या ब्रेकफास्टचे पैसे भरू नका, खाली उतरा. कॅफे ताटो, कॅफे भोसले अशी जुनी ठिकाणं आहेत, भाजी-पाव घ्या, सुकी भाजी, पातळ भाजी, मिक्स, सोबत बन्स आणि मिरची भजी, चहा, दोघींचं पोट भरतं आणि दोनशेची नोट मोडली तर सुट्टे परत येतात. दुपारी फिश थाळी साधारण साडेबारा ते अडीच. थाळीचा भाव ठीक असतो, बिल वाढतं ते वरून मागवलेल्या फ्रायने, इसवण (म्हणजे सुरमई), पापलेट, सुंगटं (म्हणजे कोळंबी) यांचा भाव त्या दिवशीच्या बाजारावर असतो, म्हणून "आज इसवणचा पीस कितीला" हे मागवायच्या आधी विचारायचं, विचारण्यात काही कमीपणा नाही, इथले लोकही विचारतात. शाकाहारी असाल तरी अडचण नाही. दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदीला निघू नका, तुम्हीही खोलीवर पडा, फोन चार्ज करा. संध्याकाळी गाड्यावर रस-ऑम्लेट खा, ऑम्लेटवर गरम रस आणि पाव, त्यात रात्रीचं जेवण होऊन जातं. मराठी बोला खुशाल, सगळ्यांना समजतं, आणि भाव सांगतानाचा सूरही जरा बदलतो असा माझा अनुभव आहे.

फुकटात किंवा थोडक्यात काय बघायचं? एक दिवस पणजी-फोंडा बस धरा. त्याच रस्त्यावर जुनं गोवं, पुढे मंगेशी, आणि जवळच म्हार्दोळची म्हाळसा. बॉम जेझूस बॅसिलिका १६०५ साली पूर्ण झालेली, समोरच सें कॅथेड्रल, आत जायला पैसे नाहीत. मग पुन्हा तीच बस पकडून मंगेशीला, मंगेशकरांचं मूळ गाव, तिथलं तळं आणि दीपमाळ बघून अंधाराआधी परत. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला, देवळात आणि चर्चमध्ये दोन्हीकडे तो नियम आहे. दोघींचा अख्खा दिवस बसच्या तिकिटात होतो, आणि मला विचारशील तर या ट्रिपचा सगळ्यात चांगला दिवस तोच असेल.

दुसरं, मांडवीवरून बेतीची फेरीबोट, चालत जाणाऱ्याला फुकट. पलीकडे थोड्या अंतरावर रेईश मागूशचा किल्ला, छोटा पण नीट राखलेला, वरून पूर्ण पणजी दिसते. संध्याकाळच्या क्रूझचे पैसे द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा, माझं मत नको असं आहे, सीझनला दारू पिऊन नाचणाऱ्या टोळक्यांची गर्दी असते आणि नदी तीच, फेरीबोटीतूनही दिसते. कांपालला कला अकादमीच्या बाजूने नदीकाठी चालत मिरामारपर्यंत जा. सूर्यास्ताला तिथे घरची माणसं, म्हातारी मंडळी, लहान मुलं असतात, मस्त वाटतं. आणि परतीच्या दिवशी बसला वेळ असेल तर स्टँडजवळच पाटोला मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं, मराठी पुस्तकं भरपूर, थंड आणि शांत, कॅफेत पैसे घालवत बसण्यापेक्षा तिथे बसा.

फोंतेन्हासमध्ये फोटो काढाल तेव्हा एक विनंती आहे, मनापासून. ती रंगीत घरं राहती आहेत, माझ्या ओळखीचे लोक तिथे राहतात, सकाळी सात वाजता दारात कुणीतरी पोज देत असतं, पायऱ्यांवर चढतं, खिडकीतून आत बघतं. रस्त्यावरून काढा फोटो, दारात बसायचं असेल तर विचारा.

कॅसिनो नको. २१ वर्षं पूर्ण म्हणून आत सोडतील तुम्हाला, पॅकेजमध्ये जेवण-दारू सगळं म्हणून मार्केटिंगवाले काठावर मागेच लागतात, पण वीस हजाराच्या बजेटमध्ये त्याला जागा नाही. बांदोडकर रस्त्यावरून रात्री जाताना पत्रक हातात घ्यायलाही थांबू नका, चालत राहा.

समुद्राबद्दल मात्र मी कडक बोलणार. तुम्ही दोघी पंचगंगेच्या काठच्या, पोहता येत असेलही, पण समुद्राची ओढ वेगळी. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचं, लाल झेंडा म्हणजे नाही म्हणजे नाही. दृष्टी नावाच्या संस्थेचे जीवरक्षक २००८ पासून इथे आहेत, ते शिट्टी मारतात तेव्हा बाहेर यायचं, ते संध्याकाळी सहाच्या सुमारास पाण्यावरची ड्युटी संपवतात, त्यानंतर पाण्यात पाय भिजवण्यापलीकडे काही नाही. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते, प्रवाह फसवे आहेत, तिथे पोहू नका. पिऊन पाण्यात जायचं नाही, आणि रील काढायला खडकांवर चढायचं नाही. दरवर्षी पर्यटक बुडतात गं, आणि त्यात तुमच्याच वयाची मुलं असतात.

नंबर सेव्ह कर: पोलीस आणि कुठलीही इमर्जन्सी ११२, अँब्युलन्स १०८, पर्यटन हेल्पलाइन १३६४, महिला हेल्पलाइन १०९१. मोठं सरकारी हॉस्पिटल बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, पणजीपासून जवळ. त्रास झाला, कुणी पाठलाग केला, काहीही वाटलं, तर कुठल्याही चालू दुकानात, फार्मसीत, चर्चमध्ये, देवळात शिरा आणि मोठ्याने सांगा. मांडवीच्या काठी रात्री वर्दळ असते पण मधल्या गल्ल्या नऊ-साडेनऊलाच शांत होतात, तेव्हा चालत यायचं तर मोठ्या रस्त्याने या, पाच मिनिटं जास्त लागू देत.

आता आई.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती ही ओळ. खोटं वाईट की चांगलं यात मी पडत नाही, तू २४ ची आहेस, कमावतेस, आणि ती सोडणार नाही हे तू ओळखूनच लिहिलं असणार. पण सेफ्टीचा विचार कर. समजा तुझा पाय मुरगळला, पाकीट गेलं, कुणी त्रास दिला, तर तू पहिला फोन कुणाला करशील? ट्रेनिंगला आहे असं सांगून आलेली मुलगी घरी फोन करत नाही, ती ते गुपचूप निस्तरायला जाते, दुसऱ्या कुणाच्यातरी मदतीने, अनोळखी माणसाच्या भरवशावर, आणि लहान अडचण तिथून मोठी होते. तुला अडकवणारी माणसंही हे ओळखतात. घरी माहीत नाही हे एकदा कळलं की त्यांना जोर येतो. शिवाय फोटो टाकायचे नाहीत, लोकेशन लपवायचं, आईचा फोन आला की मागे समुद्राचा आवाज येतोय म्हणून बाथरूममध्ये पळायचं, चार दिवस हेच करत बसशील.

मी तुझ्या जागी असते तर आईला परवानगी मागायला गेले नसते, प्लॅन घेऊन गेले असते. कागदावर लिही: कुठल्या बसने, कुठलं हॉटेल, त्यांचा लँडलाइन नंबर, मैत्रिणीच्या आईचा नंबर, कुठल्या दिवशी कुठे, परतीची बस कधीची. आईला गोवा म्हटलं की बागा आणि दारू डोळ्यासमोर येते, तिला मंगेशी, म्हाळसा, कदंबची बस आणि पणजीतली मार्केटजवळची खोली सांग, हेही खरंच आहे ना तुमच्या प्लॅनमध्ये. मैत्रिणीच्या आईशी तिचं बोलणं करून दे, दोघी आया एकमेकींशी बोलल्या की पुष्कळ फरक पडतो. रोज रात्री नऊला खोलीवरून व्हिडिओ कॉल करीन म्हणून सांग आणि तो कर. तरीही नाहीच म्हणाली, तर निदान एक मोठं माणूस, भाऊ, मावशी, आत्या, वहिनी, कुणीतरी, ज्याला सगळं खरं माहीत आहे आणि जो रात्री दोनला फोन उचलेल, त्याला लाइव्ह लोकेशन देऊन निघ. असं एकही माणूस सापडत नसेल तर ट्रिप महिनाभर पुढे ढकल आणि आईशी परत बोल, हे मी तुला स्पष्टच सांगते. पणजी कुठे जात नाही. पण मला वाटतं ती ऐकेल. आपल्या आया नाही म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना काय होईल ते दिसत नसतं म्हणून म्हणतात, तू दाखव.

राहिलं परतीचं. काजू मार्केटमध्ये घ्या, चव बघून, समोर वजन करून. ऑफिसमधले भाऊ-दादा "येताना दोन बाटल्या आण" म्हणतील, नाही म्हण. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेता येत नाही, बांद्याजवळ इन्सुलीला एक्साइजचा नाका आहे, बसमधल्या बॅगासुद्धा तपासतात, आणि केस झाली तर ती बॅग ज्याच्या नावाची त्याच्यावर होते. कुणी अनोळखी माणसाने स्टँडवर "ही पिशवी कोल्हापूरला माझा भाऊ घेईल" म्हणून दिली तरी घ्यायची नाही. बस सकाळची धरा, संध्याकाळच्या आत कोल्हापूर, म्हणजे इचलकरंजीची पुढची गाडीही उजेडात मिळेल. तिकीट येतानाच काढून ठेव, रविवारी परत जाणार असशील तर नक्कीच.